आईच्या मापाची गाडी

आमच्या घरात माप घेतल्याशिवाय काहीच होत नसे. बाबा शिंपी. नौपाड्यात एका दवाखान्याच्या जिन्याखाली त्यांचं दुकान आणि राहायला आम्ही डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. गळ्यातली टेप काय ती आंघोळीपुरती उतरायची. पडदा असो, पलंग असो, नाहीतर शेजारच्या बारशाचा पाळणा, बाबा आधी टेप सोडणार, मग कानामागची पेन्सिल काढणार आणि मग बोलणार. दुधीसुद्धा ते नजरेने मोजून घेत. आई चिडवायची, "अहो, त्याला काय कॉलर लावायचीय?" सकाळी दुकानाला निघेपर्यंत बाबा घरच्या मशीनवर बसत. तो खडखडाट, कुकरच्या शिट्ट्या, खालच्या मजल्यावरचा रेडिओ आणि या सगळ्यावर चढलेला आईचा आवाज, यात मी वाढले. आता माझ्या घरात इतकी शांतता असते की कधीकधी उगाचच मिक्सर लावावासा वाटतो.

आई ब्लाउजांना हुकं लावायची, साड्यांना फॉल लावायची, आणि हे सगळं पलंगावर बसून, डावा पाय सरळ पुढे पसरून. तो पाय वाकत नसे. जिन्यावरून पडून गुडघ्याचा पार चुरा झालेला. दोन ऑपरेशनं झाली आणि शेवटी डॉक्टरांनी हाडं सरळ जोडून टाकली. काठी घेऊन ती घरात बरी चाले, पण रिक्षात तो पाय मावेना, कुठल्याच गाडीच्या सीटपुढे मावेना. हॉस्पिटलातून अँब्युलन्सने आली तेव्हा चार शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत घालून, पाय पुढे काढून वर आणलेलं. कुणीतरी गमतीत म्हणालं, "वहिनींची पालखी आली!" आई तेव्हा हसली. दार लागल्यावर मात्र म्हणाली, "आता मी खाली उतरायची नाही." तीन वर्षं उतरली नाही. त्या पायाला ती कुणाला हात लावू देत नसे, मला तेल चोळायलासुद्धा नाही. पाहुणे आले की पायावर चादर ओढायची.

आईची थोरली बहीण, आमची आक्का, मुरबाडच्याही पुढे डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत, त्यांच्या माहेरच्याच घरात एकटी राहायची. आई आठ महिन्यांची असताना त्यांची आई गेली आणि आक्कानेच तिला वाढवलं. आक्का तेव्हा जेमतेम बारा-तेराची. वाडीत मोबाईलला रेंज नव्हती. घरामागच्या टेकाडावर एक मोठा कातळ होता, त्याच्यावर चढलं की फोन लागायचा. दर रविवारी सकाळी दहाला आक्का कातळावर चढणार आणि आमच्याकडे फोन वाजणार, यात कधी खंड नाही. वाल पेरले का, म्हैस व्याली का, कोण कुणाशी भांडलं, सगळं आक्का ओरडून सांगायची, फोन नसता तरी डोंबिवलीपर्यंत ऐकू आलं असतं. हिवाळ्यात कुणाच्या तरी हाती कडव्या वालांची पिशवी यायची आणि मोड आलेले वाल सोलता सोलता आई तेच सगळं आम्हाला पुन्हा सांगायची.

एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. मग वाडीतले एक गृहस्थ कल्याणच्या बाजाराला आलेले, त्यांच्याकडून कळलं की आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, कातळावर चढताना ती पडली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. बाबांच्या दुकानावरचे डॉक्टर डोळ्यांचेच. ते म्हणाले, "घेऊन या लवकर. फार थांबलात तर माझ्या हातात काही राहणार नाही." बाबा स्वतः आणायला गेले. आक्का ओट्यावरून हलली नाही. आईला ती सुमी म्हणे. म्हणाली, "सुमीला पाठवा न्यायला. तिच्या हाताला धरून येईन. दिसत नसताना दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी घर सोडायची नाही."

"मुलखाची हट्टी!" आई म्हणाली आणि ढसाढसा रडली. "अहो, या ओंडक्याला घेऊन मी कशी जाणार तिथे?"

भाड्याची गाडी करायची तर वाडीच्या तीन मैल आधी डांबर संपतं. पुढे दगड, एक ओढा आणि नुसता चढ. बाबांनी पाच-सहा ड्रायव्हरांना विचारून पाहिलं. एकजण म्हणाला, "काका, डांबर संपलं की आमची गाडी संपली." शिवाय पाय मावायचा प्रश्न होताच. त्या रात्री जेवताना बाबा भाताकडे बघत म्हणाले, "आपणच गाडी घेऊ. जुनी, पण डोंगर चढणारी. आणि आत ऐसपैस."

मी आणि आई एकमेकींकडे बघतच राहिलो. आमच्याकडे साधी सायकल नव्हती. रस्ता ओलांडताना तीनदा उजवीकडे बघणारा हा माणूस! पैसे कसे उभे केले ते बाबांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आईला भिंतीला टेकवून बसवलं आणि गाडीसाठी तिचं माप घेतलं. मी वहीत लिहीत होते. कमरेपासून टाचेपर्यंत एकोणचाळीस. बैठकीपासून डोक्यापर्यंत तेहतीस. "अंबाड्याचे दोन धर," बाबा म्हणाले. "आणि खड्ड्यात उसळली तर? चार अजून धर." आई एवढी लाजली की मला हसू आवरेना. "अहो, लग्नात ब्लाउजचं मापसुद्धा तुम्ही इतकं निगुतीने घेतलं नव्हतंत," ती म्हणाली. बाबांनी टेप पायाजवळ नेली, पण पायाला लावली नाही. वरच्यावर, हवेत धरूनच मोजली. इतक्या वर्षांनी लिहितानाही मला ती अधांतरी धरलेली टेप दिसते.

खोपटला एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत भोईरदादांचं गॅरेज होतं. भोईरदादा तिथलेच, जुने. त्यांच्या बापजाद्यांची खाडीकाठी मिठागरं होती. ते बाबांचं गिऱ्हाईक, पोटाचा घेर दरवर्षी दोन इंचांनी वाढवणारे. बाबांनी वहीतलं पान त्यांच्यापुढे धरलं तेव्हा त्यांनी हात पुसले, पान सुलट-उलट करून पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, तुमाला गारी घ्याची हाय का सफारी शिवाची?"

पण माणूस सोन्यासारखा. पुढचा दीड महिना दर रविवारी ते आम्हाला गाड्या दाखवत हिंडले. कॉलेज सांभाळून मी मोटार ट्रेनिंग स्कूलमधून लायसन्स काढलेलं, म्हणून चालवून बघायचं काम माझ्याकडे. भोईरदादा खाली घुसून चासी ठोकून बघत, गंज खरवडत, धुराचा वास घेत. बाबा मात्र सरळ आत शिरून टेप सोडत. कळव्याला एक ताडपत्रीच्या टपाची आखूड जीप पाहिली, तिच्यात माझंच डोकं वर लागलं. घोडबंदर रोडला एका पोराची गाडी पाहिली. टायर माझ्या छातीपर्यंत, पुढे दिव्यांची माळ, आणि आत बसायच्या जागी हे भलेमोठे स्पीकर! "काका, बेस ऐका ना एकदम," असं म्हणून त्याने बटण दाबलं आणि बाबांचा चष्मा नाकावर नाचायला लागला. कल्याणला शीळफाट्याच्या बाजूला एका यार्डात एक फार छान गाडी मिळत होती. उंच, मजबूत, आणि पुढच्या सीटवर आईचं माप तंतोतंत बसत होतं. मी म्हणाले, "बाबा, हीच! आई बसते की हिच्यात." बाबांनी मागच्या सीटवर टेप लावली, वहीत काहीतरी खरडलं आणि वही मिटून म्हणाले, "अजून मोठी हवी." मी इतकी वैतागले! परतताना भोईरदादांनाही मी ऐकवलं, "यांना गाडी नको, मंगल कार्यालय हवंय." भोईरदादा हसले. बाबा टेप गुंडाळत राहिले.

शेवटी गाडी मिळाली ती नौपाड्यातच, दुकानापासून चार गल्ल्यांवर. वैद्यकाका म्हणून एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी जन्मभर धरणांसाठी डोंगरांची मोजणी केलेली. त्यांची गाडी लांबलचक, उंच टपाची, मातकट हिरव्या रंगाची. पुढे दोन सीटा, मागे समोरासमोर दोन बाकडी आणि पाठीमागे एकच उघडणारं रुंद दार. बाबा आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. पुढची सीट मागे सरकवून एकोणचाळीस इंच पुरत होते, वर दोन उरत होते. डोक्यावर वीतभर जागा. भोईरदादा गाडीखालून बाहेर आले, तोंडभर ग्रीस, आणि म्हणाले, "मास्तर, हिला नाय बोलाल तर माज्या गॅरेजला परत येऊ नका."

वैद्यकाका पुणेरी बोलणारे, शिस्तीचे. "आधी चालक पाहीन, मग विकीन," ते म्हणाले. मग त्यांनी मला कोलशेतच्या बाजूला एका रिकाम्या प्लॉटवर नेलं. तिथे पाडलेल्या इमारतीचा दगड-विटांचा ढीग होता, चांगला दीड पुरुष उंच. काकांनी छोटा दांडा ओढला, चारही चाकांना जोर दिला, आणि ती अवजड गाडी मुंगीच्या गतीने त्या ढिगावर चढायला लागली. कसला आवाज नाही, थयथयाट नाही. एक चाक दगड चाचपून बघे, थांबे, मग वजन टाके, मग दुसरं. समोरच्या काचेत नुसतं आभाळ दिसायला लागलं. माझी बोटं सीटमध्ये रुतलेली आणि तोंड उघडं. एवढं धूड इतकं हळुवार असू शकतं, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं.

"आता तुम्ही," काका म्हणाले. मी स्टिअरिंगला हात घातला तर ओरडले, "अहं! आधी उतरा. आधी पायांनी चढून या. जिथे तुमचा पाय डळमळेल तिथे चाकही डळमळेल." मी साडेतीन रविवार तो ढीग चालत चढले-उतरले. चौथ्या रविवारी संध्याकाळी गाडी वर नेऊन उभी केली, इंजिन बंद केलं आणि खिडकीतून खाली बघितलं. बाबा खाली उभे होते, टेप दोन्ही मुठींत ताणून धरलेली. वैद्यकाकांनी किल्ली माझ्या हातात दिली.

आणि मग तो शनिवार. गाडी इमारतीखाली लागलेली. आईने मोतिया रंगाची साडी नेसलेली, माझ्या हातात तिने केलेल्या वालाच्या बिरड्याचा डबा. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर, एकेक पायरी करत ती खाली उतरली. तीन वर्षांनी! गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती. खाली पोचल्यावर आईने गाडीला हात लावला आणि म्हणाली, "बाई गं, केवढी ही!" बाबांनी पुढचं दार उघडलं. जाताना पुढे बसली की इतक्या वर्षांनी तिला रस्ता दिसेल, असं त्यांच्या मनात होतं.

आई आत जाईना. म्हणजे तिला जाताच येईना. आतली जागा पुरेशी होती, पण त्या जागेपर्यंत पोचायचं कसं? सीट उंच, दार अरुंद. पाठ आत घातली तर टाच दाराच्या खांबाला अडे. पाय आधी घातला तर अंग बाहेर राही. आम्ही तिरकं करून पाहिलं, सीट पाडून पाहिली, स्टुलावर उभं करून पाहिलं. टाच दोनदा खाडकन पत्र्यावर आपटली. वरून कुणीतरी सांगत होतं, "जरा उजवीकडून घ्या!" सामान चढवताना सांगतात ना, तसं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती इतकंच म्हणाली, "मला वर न्या."

वर आल्यावर तिने पायावर चादर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. बाबा मशीनपुढच्या स्टुलावर बसले. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा पहिल्याच दिवशी सांगत, गळ्याचं माप मानेवर घे, पण उघड डोकं जाईल एवढी ठेव. नाहीतर सदरा सुरेख होईल आणि अंगात जाणार नाही. चाळीस वर्षं सांगत होते. "शुभे, मी चुकलो," ते म्हणाले. "मान मोजली गं. डोकं मोजायचं विसरलो." बाबांनी चूक कबूल केलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. मी उठून चहा ठेवला.

दुपारपर्यंत आई तशीच पडून होती. पण आईला रिकामं बसवत नसे. धुवून वाळलेले अभ्रे पडले होते, ते ती घालायला लागली. उशा झाल्या, मग लोड घेतला. लोड लांब, गोल, ताठ. अभ्र्याचं तोंड एका टोकाला. तिने लोडाचं बूड अभ्र्याच्या तोंडाशी धरलं आणि सरळ आत सरकवलं, सर्रकन. मग थांबली. लोड बाहेर काढला. पुन्हा सरकवला.

"अहो," ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली.

"त्या गाडीला मागे दार आहे ना? मघाशी ही डबा ठेवत होती तिथे?"

"आहे."

"मग मला कुशीतून काय कोंबत होतात? लोड कुणी कुशीतून भरतं का? मी मागून बसते. आधी पाठ टेकते, मग ढुंगणावर सरकत सरकत आत जाते, पाय आपला शेवटी येईल मागून!"

बाबा तिच्याकडे असे बघत राहिले की मला तिथे उभं राहायची लाज वाटली. मग आई फिस्सकन हसली, लोडाला थोपटत म्हणाली, "हा बघा माझा जुळा भाऊ," आणि आम्ही तिघं पोट धरधरून हसलो. बाबांचे डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते.

आठवडाभर बाबांनी दुसरं काम घेतलं नाही. एका बाकड्यासाठी लांब गादी शिवली, टपाला आतून कापूस भरून रेक्झिन लावलं, धरायला जाड पट्ट्याच्या दोन मुठी. पुढच्या शनिवारी आई मागच्या दाराशी पाठ करून टेकली, दोन्ही मुठी धरल्या, तीन हिसके दिले आणि गादीवर पाय लांब करून राणीसारखी बसली. गॅलरीतल्या कुणाला सूचना करायची वेळच मिळाली नाही.

मुरबाडपर्यंत ती गात होती. डांबर संपलं तशी गप्प झाली. दिवाळी नुकती होऊन गेलेली, गवत पिवळं पडलेलं, भात कापून झालेला. मी छोटा दांडा ओढला. ओढ्यापाशी गाडी थांबवली, चपला हातात घेतल्या आणि आधी पायांनी पाण्यातून जाऊन आले. डावीकडचा मोठा धोंडा डळमळत होता, उजवीकडे तळ घट्ट होता. बाबा न सांगता उतरले आणि पँट वर करून पुढे चालायला लागले, मागे वळून हाताने दिशा दाखवत. रस्ता ओलांडताना तीनदा बघणारे माझे बाबा, गुडघाभर पाण्यात! गाडी मुंगीच्या गतीने त्यांच्या मागे. पलीकडचा चढ चढताना आरशात बघितलं तर आई उलटी बसलेली, मागच्या काचेतून खाली जाणारी सगळी दरी तिच्यासमोर उघडत चाललेली. "शुभे," ती अगदी हळू म्हणाली, "अगं, केवढं आहे गं हे सगळं. मी विसरलेच होते." मला समोरचं धूसर दिसायला लागलं, म्हणून मी ओरडले, "आई, बोलू नकोस, मला चालवू दे!"

आक्का अंगणात उभी होती, आवाजाच्या दिशेने मान करून. मी दार उघडलं. आई सरकत यायला लागली आणि अर्थातच आधी बाहेर आला तो पाय. आक्का हात पुढे करून चाचपडत आली. तिचे हात गाडीच्या पत्र्यावर फिरले, दारावर फिरले आणि टाचेला लागले. ती थांबली. दोन्ही हातांनी तिने तो पाय धरला, टाचेपासून गुडघ्यापर्यंत, शिवणीच्या वणावरून बोटं फिरवली.

"आक्का, अगं पाय कसले धरतेस माझे!" आई कळवळली. "पाप लागेल मला. आणि तो वाकत नाही गं आता."

"नाही तर नाही वाकत," आक्का म्हणाली. "याला पहिलं पाऊल मी टाकायला लावलंय, याच अंगणात. मला कसलं गं पाप?" आणि तिने तो पाय उचलून छातीशी धरला. आईने काढून घेतला नाही. मी बघत होते, आईने काढून घेतला नाही.

जेवणं झाली. बिरडं खाताना आक्का म्हणाली, मीठ कमी आहे, आणि आईने तिला ठणकावलं, की तुझेच वाल आहेत. म्हैस शेजाऱ्यांकडे बांधली, घराला कुलूप लागलं. आक्का आईच्या हाताला धरून गाडीपर्यंत आली आणि एकदम अडली. दाराची चौकट चाचपत म्हणाली, "सुमे, तुझा पायच एवढा लांब. त्यात मी कुठे गं मावायची?"

बाबा पुढे झाले. त्यांनी खिशातून ती वही काढली. आंधळ्या बाईला काय दाखवणार, म्हणून माझ्या हातात दिली. आईच्या मापांखाली, मी न लिहिलेल्या चार ओळी होत्या, बाबांच्या बारीक अक्षरात. 'आक्का. उंची अंदाजे. बैठक अंदाजे. समोरासमोर बसून बोलता यायला हवं.' शीळफाट्याच्या गाडीपुढे फुली मारलेली होती. मंगल कार्यालय, मी म्हणालेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि या वयातही ते वाक्य आठवलं की तसंच होतं.

"मावाल, आक्का," बाबा म्हणाले. "गाडी मी जरा सैलच घेतलीय."

उतारावर मी आरशात पाहिलं. आक्का समोरच्या बाकड्यावर बसली होती, आईचा पाय तिच्या मांडीवर होता, आणि दोघी एकमेकींशी ओरडून बोलत होत्या, अजून मध्ये तो कातळच असल्यासारख्या.